अठरा ग्रॅम मीठ

‘‘बाई, हे मीठ खरं आहे ना?’’

प्रमिला उईकेने भांडाराच्या खिडकीतून अर्ध्या किलोची बाटली आत सरकवली आणि मला हा प्रश्न विचारला. बावीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसत होते. विभागातली प्रत्येक परीक्षानळी, प्रत्येक पिपेट, आम्लाचा प्रत्येक थेंब माझ्या हातून जायचा. कोणी काय फोडलं, फोडून कोण नाही म्हणालं आणि कोणाच्या कपाटात माझं थर्मामीटर लपलेलं आहे, हे मी रजिस्टर न उघडता सांगायची. पण मिठाच्या खरेपणाची चौकशी आजवर कोणी केली नव्हती.

‘‘माझ्या भांडारात माणसं सोडून काही खोटं नसतं,’’ मी म्हणाले. ‘‘बाटलीचं सील तूच फोडलंस ना?’’

‘‘मीच फोडलं.’’

‘‘मग?’’

तिने मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. तरी ती खिडकीच्या गजांना जवळजवळ नाक लावून बोलली.

‘‘मग सरांचं रक्त चुकीच्या नळीत फुटतंय, बाई. तीन सोमवार झाले.’’

पस्तीसेक वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर होता. विदर्भातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाचे प्रमुख होते डॉ. यशवंत देवपुजारी. सिकलसेलच्या रोग्यांच्या लाल पेशींवर, त्यातही पेशींच्या पटलावर, त्यांचं दोन वर्षांचं संशोधन चाललं होतं. मी शिकलेली वाणिज्य शाखेची, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून त्यांचं पहिलं व्याख्यान मला तोंडपाठ झालं होतं. ‘‘लाल पेशी म्हणजे एक पिशवी,’’ ते विद्यार्थ्यांना सांगायचे. ‘‘आत काय भरलंय हे सगळेच विचारतात. तुम्ही पिशवीच्या कापडाचं विचारा. आत कोणाला घ्यायचं, बाहेर कोणाला अडवायचं, ताण किती सोसायचा, हे सगळं ते कापड ठरवतं. तेच पटल.’’

त्या पटलाची ताकद मोजायला चौदा नळ्या लागत. पहिलीत मिठाचं पाणी दाट, पुढच्या प्रत्येक नळीत थोडं पातळ, शेवटचीत जवळजवळ नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा एकेक थेंब. पाणी जितकं अळणी तितकं ते पेशीत घुसतं, पेशी फुगत जाते, आणि पटलाने हात टेकले की फुटते. नळी रूह अफ्झाच्या सरबतासारखी लाल होते. निरोगी माणसाच्या पेशी पॉइंट पाच टक्क्याच्या नळीपाशी फुटायला लागतात. सिकलसेलवाल्यांच्या आणखी अळणी पाण्यापर्यंत तग धरतात. किती पुढपर्यंत, हाच सरांचा शोध. नंतर त्या फुटक्या पेशी धुऊन धुऊन रिकामी पांढरी पटलं उरत. इंग्रजीत त्यांना भुतं म्हणतात. तसं फ्रिजवर लिहिलंही होतं, आणि त्यामुळे आमचा झाडूवाला त्या फ्रिजला हात लावत नसे.

आता तुलना करायची तर एक निरोगी माणूसही हवा. तो मान सरांनी स्वतःकडे घेतला होता. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला ते प्रयोगशाळेत येत, शर्टाची बाही वर सारत आणि दहा सीसी रक्त देत. सगळा विभाग बघायला उभा. वय बावन्न, उंचपुरा बांधा, पहाटे बॅडमिंटन, रात्री दूध, नोकरीत एक दिवस आजारपणाची रजा नाही. ‘‘माझ्याइतका नॉर्मल माणूस या इमारतीत दुसरा सापडणार नाही,’’ असं ते हात पुढे करून म्हणायचे. याबाबत आमचं सगळ्यांचं मत थोडं वेगळं होतं, पण ते रक्ताविषयी नव्हतं.

हे रक्त दोन वर्षं काढलं ते भाऊराव लांजेवारांनी. जुने तंत्रज्ञ, हात देवाचा, तीस नोव्हेंबरला निवृत्त होणार. त्यांच्या जागी एक महिन्याच्या तात्पुरत्या नेमणुकीवर प्रमिला आली होती. गडचिरोलीकडची, बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची आणि अंगाने काडी. नेमणूक पुढे वाढवायची की नाही, त्या कागदावर सरांची सही तीस तारखेलाच व्हायची होती.

‘‘चुकीच्या नळीत म्हणजे कुठल्या?’’ मी विचारलं.

‘‘पॉइंट सहा.’’

‘‘लांजेवारांना सांगितलंस?’’

‘‘सांगितलं. ते म्हणाले, ‘मीठ वाढव.’ ’’

लांजेवार पलीकडच्या टेबलावर नळ्या पुसत होते. कान त्यांचे चांगले होते.

‘‘मंग काय सांगू तिले?’’ ते तिथूनच म्हणाले. ‘‘नवीन हात आहे, बाई. एकदा मीठ जमलं का सगळं जमते.’’

‘‘पण पुस्तकात मूळ दाट पाण्याला लिटरला नव्वद ग्रॅम लिहिलंय, भाऊ. मी नव्वदच घेतलं,’’ प्रमिला म्हणाली.

‘‘पुस्तक लिहिणाऱ्यानं आपल्या सरांचं रक्त पाह्यलं होतं का?’’

लांजेवार स्वतःच्याच विनोदावर हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्या डोक्यात एक चिठ्ठी फडफडायला लागली होती.

ते शुद्ध मीठ मी बाटलीने कधीच देत नसे. वर्षाला मोजक्या बाटल्या यायच्या, म्हणून मागणीच्या चिठ्ठीवर जितके ग्रॅम तितकंच तोलून द्यायची. प्रमिलाला मात्र नवीन म्हणून मी पूर्ण बाटली दिली होती. चिठ्ठ्या मी फेकत नाही. माझ्या या सवयीवर विभागात पुष्कळ विनोद झाले आहेत, आणि तेही माझ्या लक्षात आहेत. प्रमिला गेल्यावर मी दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला. पहिला सोमवार, मीठ नव्वद ग्रॅम. दुसरा सोमवार, नव्वद. तिसरा, शंभर. चौथा, एकशे आठ. आणि मग सलग, उन्हाळा, पावसाळा, दिवाळी, प्रत्येक सोमवारी एकशे आठ. खाली लांजेवारांची सुबक सही.

म्हणजे पॉइंट पाच लिहिलेल्या नळीत दोन वर्षं पॉइंट सहाचं पाणी होतं. सरांचं रक्त पुस्तकाप्रमाणे फुटावं म्हणून पाणीच खारट केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रमिलाला आत बोलावलं आणि चिठ्ठ्या दाखवल्या. ती एकेक चिठ्ठी वाचत गेली. तिचा डबा तसाच झाकलेला राहिला.

‘‘बाई, तुमचं रक्त द्याल?’’

‘‘माझं? कशाला?’’

‘‘मीठ खोटं की रक्त, एवढंच बघायचंय. माझं चालत नाही, माझ्यात अर्धं सिकल आहे.’’

इंजेक्शनला मी मरणाची भिते. हे रजिस्टरात कुठे नाही, म्हणून इथे सांगते. मी तोंड भिंतीकडे केलं, पदर दातात धरला आणि हात पुढे केला.

‘‘झालं,’’ ती म्हणाली.

‘‘खोटं बोलू नकोस.’’

‘‘खरंच झालं, बाई. डोळे उघडा.’’

पुस्तकाच्या नव्वद ग्रॅमवाल्या पाण्यात माझ्या पेशी अगदी पॉइंट पाचच्या नळीपाशी फुटल्या. पुढच्या दोन दिवसांत तिने शिपाई रामटेके आणि कॉलेजचा माळी यांचंही रक्त घेतलं. माळ्याला त्या बदल्यात दोन केळी द्यावी लागली. दोघांचंही पॉइंट पाच. मग तिने मला सूक्ष्मदर्शकावर बसवलं.

‘‘हे तुमचं. पेशीच्या मध्ये फिकट दिसतंय ना? खोलगट बत्ताशासारखं?’’

‘‘हो.’’

‘‘आता हे सरांचं.’’

सरांच्या पेशी लहान, गोल गरगरीत आणि काठोकाठ गडद होत्या. मधला फिकटपणा बऱ्याच जणींत नव्हताच.

‘‘दिसायला तर माझ्यापेक्षा तब्येतीच्या आहेत,’’ मी म्हणाले.

‘‘पटल कमी आहे, बाई. कापड कमी पडलं की पिशवी अशी गोल फुगते. मग थोडं पाणी शिरलं तरी फुटते. जन्मापासूनचं असतं हे, घराण्यात चालतं. सौम्य असेल तर माणसाला कळतही नाही. पांथरीत, म्हणजे प्लीहेत, पेशी जास्त मोडतात, त्याचं पित्त साठतं आणि पित्ताशयात काळे खडे होतात.’’

मी सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचललं. सरांच्या टेबलावर काचेच्या कुपीत आठ काळे खडे होते. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचं पित्ताशय काढलं होतं त्यातले. ‘‘वेदना काय असते ते मला विचारा,’’ असं म्हणून ते विद्यार्थ्यांना कुपी हलवून दाखवायचे. दोन वर्षं ती कुपी आणि ते रक्त एकाच मजल्यावर होतं.

‘‘सरांना सांगायला पाहिजे,’’ प्रमिला म्हणाली.

‘‘सांग ना,’’ मी म्हणाले. ‘‘तीस तारखेला तुझ्या कागदावर सही होऊ दे. एक तारखेला सांग. तोवर मीठ काही महाग होणार नाही.’’

‘‘एक तारखेपर्यंत पेपर निघून जाईल, बाई.’’

तो पेपर माझ्याच टेबलावर होता. विभागाची आवक-जावकही माझ्याकडेच असायची. लंडनच्या एका मासिकाचा पत्ता घातलेलं जाड पाकीट शुक्रवारच्या रजिस्टर पोस्टाने जायचं होतं. मंगळवारी दिल्लीहून तिघांची समिती येणार होती, पुढच्या तीन वर्षांचं काम द्यायचं का ते ठरवायला. पेपर पाठवला, एवढं समितीला सांगता यावं म्हणून सरांची घाई होती.

‘‘आणि गेला तर काय होईल?’’ मी विचारलं. ‘‘जगात इतके चुकीचे पेपर छापतात.’’

‘‘त्यात लिहिलंय की सिकलवाल्यांचं पटल खूप जास्त सोसतं. खरं आहे त्याच्याहून जास्त, कारण त्यांचं रक्तही त्याच खारट पाण्यात मोजलंय. उद्या कोणीतरी ते वाचून औषधाचं प्रमाण ठरवेल.’’ तिने काचपट्टी डब्यात ठेवली. ‘‘एकतीस रोगी आहेत, बाई. सतरा नंबरचा माझा भाऊ आहे.’’

हे आतापर्यंत तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता सरांनी खिडकीशी येऊन विचारलं, ‘‘वैरागडेबाई, पाकीट?’’

‘‘जाईल, सर,’’ मी म्हणाले. पाकीट खणात ठेवलं, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचून घरी गेले. माणसांच्या लबाड्या मी बावीस वर्षं टिपून ठेवत आले होते. स्वतःची ही पहिलीच, आणि हात जरासुद्धा कापला नाही याचंच मला वाटेत आश्चर्य वाटत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी सरांच्या खोलीत गेलो. तिच्या हातात काचपट्ट्यांचा डबा, माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

‘‘बोला, मिस उईके,’’ सर मान वर न करता म्हणाले.

‘‘सर, पेपर पाठवू नका.’’

मान वर झाली.

‘‘तुमचं रक्त पॉइंट सहाला फुटतंय, सर.’’

‘‘तुझं मीठ तपास.’’

‘‘तपासलं. त्याच मिठात वैरागडेबाईंचं पॉइंट पाचला फुटलं.’’

‘‘वैरागडेबाईंचं?’’ सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या अंगातही रक्त असतं ही बातमी त्यांना आजच कळत होती. ‘‘आणि दोन वर्षं लांजेवारच्या हाताखाली हेच माझं रक्त पॉइंट पाचला फुटत होतं, ते कसं?’’

मी चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. नव्वद, नव्वद, शंभर, एकशे आठ. सरांनी पुढच्या वाचल्या नाहीत. घंटी दाबली.

‘‘लांजेवारला बोलवा.’’

लांजेवार हात पुसत आले. टेबलावरच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि त्यांना समजलं.

‘‘हे तू वाढवलंस?’’

‘‘हो जी. पयले दोन सोमवार सहाले फुटलं. मले वाटलं मीठ कमी पडून राहिलं. मंग पुस्तकातल्या आकड्यावर येईलोक वाढवत गेलो.’’

‘‘मला का विचारलं नाहीस?’’

‘‘काय इचारू, सर? काटा चुकला असन, पाणी चुकलं असन, माहा हात चुकला असन, सगळं मनात आलं. तुमचं रक्त चुकलं असन, हे मनातच नाई आलं.’’

यात भीती असती तर सरांना रागावणं सोपं गेलं असतं. लांजेवार घाबरलेले नव्हते. जे मनात होतं ते सांगत होते.

सर उभे राहिले. आवाज चढला. ‘‘वीस वर्षांत मी एक दिवस आजारी रजा घेतलेली नाही! पहाटे पाचला मी कोर्टवर असतो. मी तुम्हाला आजारी दिसतो?’’

‘‘नाही, सर. दिसत नाही,’’ प्रमिला म्हणाली. ती जागची हलली नाही. रोग्यांचे कागद भरताना ती सगळ्यांना जो प्रश्न विचारायची, तोच तिने त्याच आवाजात विचारला. ‘‘घरात कोणाला वरचेवर कावीळ होते का?’’

सर उभे होते ते खुर्चीत बसले.

त्यांची मुलगी मृदुला तेव्हा दहावीत होती. आठवीपासून तीनदा कावीळ. दर वेळी महिनाभर शाळा बुडायची, उसाचा रस, उकडलेलं जेवण, आणि एकदा तर बाईसाहेबांनी सरांच्या नकळत तिला कोणा वैद्याकडे नेऊन गळ्यात मुळ्यांची माळ घालून आणली होती. हे सगळ्या विभागाला माहीत होतं. कावीळ आणि कुपीतले खडे एका ओळीत लिहून पाहावं, असं कोणालाही वाटलं नव्हतं, मलासुद्धा नाही. आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

‘‘काचपट्टी,’’ सर म्हणाले आणि हात पुढे केला.

स्वतःच्या रक्ताची काचपट्टी घेऊन ते सूक्ष्मदर्शकाशी बसले. आम्ही तिघं उभे होतो. एवढ्या वेळात एखाद्या विद्यार्थ्याचा तास संपला असता. शेवटी सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

‘‘मृदुलाला सोमवारी घेऊन येतो,’’ ते हळूच म्हणाले. हे कोणाला सांगितलं ते कळलं नाही. मग माझ्याकडे वळले. ‘‘पाकीट लंडनच्या वाटेला लागलं असेल. मुंबईच्या पोस्टाला तार करता येईल का?’’

‘‘पाकीट माझ्या खणात आहे, सर.’’

‘‘का?’’

‘‘तिकिटं संपली होती.’’

‘‘बावीस वर्षांत कधी संपली नाहीत ती?’’

‘‘एकदा संपायचीच, सर.’’

सरांच्या मिशा हलल्या. हसले असं म्हणता येणार नाही, पण रागावलेही नाहीत.

मंगळवारी समिती आली. अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर होत्या, जन्म मुंबईचा, म्हणून मराठी बोलायच्या. सरांनी आलेखांचे तक्ते भिंतीवर लावलेलेच नव्हते. सगळा विभाग मागे उभा होता, कारण सरांनी तशी ताकीद दिली होती.

‘‘आमचे दोन वर्षांचे आकडे चुकलेले आहेत,’’ सरांनी सुरुवात केली. ‘‘तुलनेला घेतलेला निरोगी माणूस निरोगी नव्हता. तो माणूस मी.’’

मग त्यांनी सगळं सांगितलं. नव्वद ग्रॅम, एकशे आठ ग्रॅम, पॉइंट सहा, खडे. मुलीचंही सांगितलं. सोमवारी तिचं रक्त प्रमिलानेच तपासलं होतं आणि तेही पॉइंट सहाच्या वरच फुटलं होतं. तीन वर्षं जिच्यावर काविळीचे उपचार चालले होते, तिला यकृताची कावीळ कधी नव्हतीच, रक्ताची होती. एवढं सांगून ते पाणी प्याले आणि पुढे बोलले. लांजेवारांचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. ‘‘माझ्या विभागाने मीठ वाढवलं,’’ असं म्हणाले.

समितीतले एक गृहस्थ जरा खवचट होते. ‘‘मग आता तुमचा नॉर्मल माणूस कोण?’’

‘‘आमच्या भांडारपाल, वैरागडेबाई,’’ सर म्हणाले.

तिन्ही माना माझ्याकडे वळल्या. मी नवी साडी नेसून आले होते याचं मला बरं वाटलं.

अध्यक्षबाई मात्र प्रमिलाकडे बघत होत्या. ‘‘मुली, दोन वर्षं इथे इतके अनुभवी लोक होते. त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तुझ्या तीन आठवड्यांत कसं लक्षात आलं?’’

प्रमिलाने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा लांजेवारांकडे.

‘‘मी नवीन होते, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘सरांचं रक्त नॉर्मलच असतं, हे मला माहीत नव्हतं.’’

 मग पहिले हसले ते सर. मोठ्याने, मान मागे टाकून. एवढं हसताना त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. त्यांच्यामागून मग सगळी खोली हसली, लांजेवार सोडून. ते खिशातला रुमाल शोधत होते.

समितीने तीन वर्षांऐवजी एकच वर्ष दिलं, आणि अट घातली की एकतीसच्या एकतीस रोगी पुन्हा तपासायचे. कॉलेजात काही लोकांना याचा फार आनंद झाला. कोण कोण ते मी सांगू शकते, पण आता बरेचसे वर गेले आहेत. त्या वर्षात एकतीस रोग्यांची नवी मापं झाली, फरक पहिल्याइतका मोठा उरला नाही, पण जो उरला तो खरा होता. तो पेपर पुढे छापून आला. त्यावर तीन नावं होती आणि दुसरं नाव प्रमिला उईके होतं. आता ती स्वतः एका प्रयोगशाळेची प्रमुख आहे. पण ते सगळं नंतर.

तीस तारखेला दुपारी लांजेवारांचा निरोप समारंभ होता. त्याआधी सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. लांब टेबलावर मापांचं मोठं रजिस्टर उघडलेलं होतं. संशोधनाच्या वहीत चुकलेला आकडा पुसायचा नसतो, फाडायचा तर नसतोच. त्यावरून एक सरळ रेघ ओढायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. हे काम तंत्रज्ञाचं. सरांनी पेन स्वतःच्या हातात घेतलं होतं.

‘‘पट्टी धर,’’ ते प्रमिलाला म्हणाले.

तिने रोगी क्रमांक एकच्या आकड्यावर पट्टी ठेवली. सरांनी रेघ ओढली, शेजारी सही केली, तारीख घातली. पट्टी खाली सरकली. दोन. तीन. पट्टी सरकल्याचा आवाज येत होता. चौथ्या रेघेनंतर लांजेवार पुढे आले.

‘‘सर, अठरा ग्राम माहे होते,’’ ते म्हणाले. ‘‘माहीबी सही लागन.’’

‘‘तुझा आज शेवटचा दिवस आहे, भाऊराव. स्वच्छ कागद घेऊन घरी जा.’’

‘‘चुकीवर सही नाई केली त मंग बाकीच्या दोन वर्साच्या सह्यायचं काय मोल राहिलं जी?’’

सर बाकावर थोडे सरकले. लांजेवार त्यांच्या शेजारी बसले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ते साहेबांच्या शेजारी एका बाकावर बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मग प्रत्येक रेघेपुढे दोन सह्या होऊ लागल्या, एक झपाट्याची इंग्रजी आणि एक सुबक मराठी. सतरा नंबरवर पट्टी आली तेव्हा प्रमिलाने ती जरा जास्त वेळ दाबून धरली. सतरा नंबर कोण ते सरांना आता माहीत होतं. ते थांबले. तिने बोटं उचलल्यावर पुढे गेले.

एकतीस रेघा झाल्या. लांजेवारांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. प्रमिलाने रजिस्टर मिटायला हात घातला, तर सरांनी पेनाला टोपण लावलेलं नव्हतं.

‘‘मिस उईके, आज तीस तारीख ना?’’

‘‘हो, सर.’’

‘‘मग तुझा कागद कुठे आहे?’’

‘‘कुठला कागद, सर?’’

खरंच तिच्या लक्षात नव्हतं. महिनाभर ज्या सहीची वाट बघितली ती कोणत्या दिवशी आहे, हे ती विसरून गेली होती. तिच्याकडे बघून माझी छाती अशी फुगली की पटलाचं काय होतंय ते मला आतून कळलं.

कागद माझ्याकडे होता. सकाळी नऊपासून मी तो फाइलमध्ये घालून काखेत धरून हिंडत होते. मी तो रजिस्टरावर ठेवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.